‘नामशेष’ या शब्दाचा अर्थ

संस्कृती ही कुणा एकाची मालमत्ता नसते, ती सर्वांनी मिळून जपायची असते. शिक्षकांसाठीच्या ऑनलाइन संस्कृतिकोशाच्या पहिल्या पानावर हे वाक्य होतं. ते मुख्याध्यापिकाबाईंनी एकट्यांनी लिहिलं होतं आणि त्यात दुसऱ्या कुणी हात घालू नये म्हणून पानाला कुलूपही लावलं होतं.

बाकीचा कोश मात्र सहयोगाने चालला होता. शाळेतल्या पाच जणांची समिती दर शनिवारी ग्रंथालयात बसून एकमेकांची पानं सुधारत असे. चित्रकलेच्या सरांनी वेताच्या विणकामावर लिहिलेल्या पानात आतापर्यंत एकेचाळीस सुधारणा झाल्या होत्या. त्यांतल्या अडतीस ऱ्हस्व-दीर्घाच्या. शेवटचं वाक्य मात्र कुणालाच खटकलं नव्हतं: ‘ही कला आता नामशेष झाली आहे.’ वाक्य भारदस्त होतं. शिवाय सरांनी ते आणखी दोन ठिकाणी वाचलं होतं, म्हणजे खरंच असणार. ज्या खुर्च्यांवर बसून समितीने ते मंजूर केलं, त्या वेताच्या होत्या.

त्या शनिवारी ग्रंथालयाच्या दारात वेतवाले काका येऊन उभे राहिले. बारा वर्षं ते दर सुट्टीत येऊन शाळेच्या खुर्च्या विणून देत. आज सुट्टी नव्हती आणि खांद्यावर वेताचं भेंडोळंही नव्हतं. हातात घडी घातलेला एक कागद होता, तो त्यांनी चित्रकलेच्या सरांपुढे धरला.

“सर, हे जरा वाचून सांगता? मी वाचलंय, पण वाटलं, माझंच काहीतरी चुकत असेल.”

शिक्षण कार्यालयाचं पत्र होतं. यापुढे शाळांनी वेताच्या खुर्च्या विणायला न देता प्लास्टिकच्या घ्याव्यात. कारण ही कला नामशेष झाल्याचं खुद्द शिक्षकांनीच नोंदवलं आहे. खाली कोशातल्या पानाचा पत्ता दिला होता.

“नऊ शाळांचं काम आहे माझ्याकडे,” काका म्हणाले. “काल तीन शाळांनी हे पत्र हातात देऊन दारातूनच परत पाठवलं. ऑफिसात गेलो, म्हटलं, अहो, मी अजून आहे. तिथले साहेब म्हणाले, तसा पुरावा आणा.”

मुख्याध्यापिकाबाईंनी घसा साफ केला. “किरकोळ चूक आहे. ‘जवळजवळ नामशेष’ करून टाकू.”

“जवळजवळ हा एकच शब्द लिहायचा, तोडू नका,” भाषेचे सर म्हणाले.

कोपऱ्यात पुस्तकांना कव्हरं घालत बसलेल्या ग्रंथपालबाईंनी कात्री खाली ठेवली. त्या समितीत नव्हत्या. खोली त्यांची होती, म्हणून तिथे होत्या.

“नामशेष म्हणजे काय हो, सर?”

“म्हणजे...” चित्रकलेचे सर म्हणाले, “माणूस जातो, नाव तेवढं उरतं.”

“मग इथे उलटंच झालंय की! माणूस समोर उभा आहे आणि नाव तुमच्या अख्ख्या पानात कुठे नाही. सांगा बघू, काय नाव यांचं?”

सरांना ‘काका’ एवढंच ठाऊक होतं. बारा वर्षं! बारा वर्षं ते या माणसाला ‘काका, चहा घेणार?’ असं विचारत आले होते आणि त्यापुढे काही विचारायचं त्यांना सुचलंच नव्हतं!

“एकेचाळीस वेळा ते पान उघडलंत,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. “सुट्टीतल्या एखाद्या शनिवारी ही खिडकी उघडली असतीत, तरी दिसले असते. खालीच बसून विणतात ते. पाच शिकलेल्या माणसांनी एकमेकांना माना डोलावणं, याला सहयोग नाही म्हणत. ज्याची गोष्ट, त्याला विचारलंत का?”

चित्रकलेचे सर उठले. आपली खुर्ची त्यांनी काकांपुढे सरकवली. काकांनी बसण्याआधी सवयीने तिच्यावर टिचकी मारली. “सैल पडलीय,” ते म्हणाले. “द्यायला हवी होती माझ्याकडे.”

सर पान वाचून दाखवू लागले. दुसऱ्याच ओळीला काकांनी थांबवलं.

“वेत उकळून घेतात? अहो, उकळायला ती काय भाजी आहे? भिजवायचा. ओला असतानाच विणायचा, वाळला की आपोआप ताणून बसतो.”

मग आधी उभे पट्टे, मग आडवे, मग तिरपे. काका सांगत गेले, सर लिहीत गेले. दुपारपर्यंत मूळ पानातली दोन वाक्यं उरली. लेखक म्हणून काकांचं नाव घातलं, वडिलांच्या नावासकट. त्यातलं एक अक्षर त्यांनी दोनदा बदलून घेतलं. भाषेच्या सरांनी हरकत घेतली नाही. पण ‘लेखकाची पदवी’ हा रकाना भरल्याशिवाय पान जतन होईना.

“मोकळा सोडा,” काका म्हणाले. संगणक सोडेना.

शेवटी मुख्याध्यापिकाबाईच पुढे झाल्या आणि त्यांनी लिहिलं: ‘हयात.’ मग कुणी न सांगता त्यांनी पहिल्या पानाचं कुलूप काढलं.

तेव्हा नागरिकहो, दुसऱ्याच्या संस्कृतीवर लिहायला बसाल, तेव्हा आधी त्याला बसायला खुर्ची द्या. समोरच्या माणसाला इतिहासात ढकलण्याआधी निदान त्याचं नाव विचारा. आपल्या एका भारदस्त वाक्याने कुणाचं तरी दार बंद होत असतं.

दुरुस्त पान त्याच दिवशी शिक्षण कार्यालयाला पाठवलं. कार्यालयाने लेखी आभार मानले. सोमवारी शाळेत प्लास्टिकच्या साठ खुर्च्या उतरल्या.