मनगटावरचे घुंगरू

चंद्रप्रकाश शिगवण विक्रोळीच्या जाखडी मंडळात वीस वर्षं पायात घुंगरू बांधून नाचले. बांधकामावरच्या बांबूच्या परांचीवरून पडले आणि कमरेखालचं सगळं गेलं. फिजिओथेरपीवाल्या उत्तराताईंनी तेच घुंगरू त्यांच्या मनगटांवर बांधले. रोज सकाळी मोबाईलवर ढोलकी लागायची आणि चंद्रप्रकाश खुर्चीतल्या खुर्चीत हात फेकत घामाघूम व्हायचे.

मुलगा नितेशने त्याचा व्हिडिओ टाकला आणि मंडळाने सत्कार ठरवला. तोही दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या हॉलमध्ये.

"चौघांना घेऊन येतो, खुर्ची उचलून नेऊ," म्हणून नितेश गेला. चंद्रप्रकाश इस्त्रीचा झब्बा घालून, घुंगरू बांधून वाट बघत बसले. संध्याकाळी तो एकटाच शाल-श्रीफळ घेऊन आला.

"सगळे घाईत होते हो, बाबा. पण तुमचा व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावला, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या!" त्याने शाल त्यांच्या पायांवर पांघरली.

"किती माणसं होती?"

"दोनशे तरी."

चंद्रप्रकाशांनी दातांनी गाठी सोडून घुंगरू त्याच्या हातात कोंबले.

"दोनशेत चौघं मिळाली नाहीत मला उचलायला. मेल्यावर बघ, खांदा द्यायला रांग लावतील साले."