फुलांपुरते तीस डॉलर

मी एक चेक आहे, तीस डॉलरचा. शिकागोतल्या एका स्वयंपाकघरात, भांडी विसळून झाल्यावर डीलियाबाईंनी मला पुस्तकातून फाडलं. 'मॅलकी डर्कन' हे नाव लिहिताना त्यांचा हात दोनदा थांबला. सख्खा भाऊ, पण अकरा वर्षं बोलणं नव्हतं. खालच्या कोपऱ्यात त्यांनी लिहिलं, 'आईच्या फुलांसाठी'.

आई वारली तेव्हा त्यांच्याकडे विमानाचं भाडं नव्हतं. मॅलकीला ते खरं वाटलं नाही. "आईच्या मातीला येत नाहीस, मग आता कधीच येऊ नकोस," असं म्हणून त्यानं फोन आपटला होता. पाकीट चिकटवताना बाई हेच पुटपुटत होत्या.

समुद्र ओलांडून मी आयर्लंडात, मेयोमधल्या त्याच्या घरी पोचलो. एकटा जीव. दारात चार मेंढ्या, चुलीत पीटचा, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या ढेकळांचा धूर. सोबतची चिठ्ठी त्यानं उभ्यानंच वाचली. 'आई गेली त्या दिवशी माझ्याकडून फुलं वाहा. पिवळी.' मग खुर्चीत बसून त्यानं ती पुन्हा पहिल्यापासून वाचली.

दुसऱ्या दिवशी दाढी करून तो मला बँकेत घेऊन गेला. खिडकीवरच्या ग्रॉन्या नावाच्या मुलीनं मला उलटंपालटं केलं.

"मॅलकीकाका, हा डॉलरचा आहे. तिकडं पाठवावा लागेल. दीड-दोन महिने धरा. आणि बँक वीस युरो कापणार."

"अगं, सगळा मिळून सत्तावीस युरोंचासुद्धा नाही हा!"

"तेच म्हणते. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. तिकडच्या बँकेनंही कापलं तर तुम्हालाच पदरचे भरावे लागतील. बहिणीला सांगा ना, दुसरं काहीतरी पाठव म्हणून."

"अकरा वर्षांनी तिनं हात पुढं केलाय. आणि मी सांगू, तुझा पैसा इथं चालत नाही?"

पोस्टातही मला कुणी घेतलं नाही. संध्याकाळी पबमध्ये शेजारचा पॅकी म्हणाला, "चौकट करून लाव की भिंतीवर! अमेरिकेची लक्ष्मी!" सगळे हसले. मॅलकी ग्लास अर्धा टाकून घरी आला.

आईच्या दिवशी त्यानं आपल्या पैशांनी पिवळी शेवंती आणली. मी त्याच्या कोटाच्या खिशात होतो. थडग्यापाशी वारा झोंबत होता. "आई, ही डीलियाकडून," तो म्हणाला. ते मी ऐकलं. ज्या बाईनं ऐकायला हवं होतं, ती समुद्रापलीकडं होती.

बहिणीला लिहायला तो कितीदा तरी बसला. तुझ्या पैशांची फुलं आणली म्हणावं, तर खोटं. नाही आणली म्हणावं, तर तिला लागेल. "कुठंतरी वटवून घेतो, मग लिहीन," असं म्हणून तो पेन ठेवून द्यायचा. हिवाळा असाच सरला.

मार्चमध्ये फोन वाजला. डीलियाबाईंची मुलगी होती.

"मामा, मी कॅरन. आई गेली, रविवारी."

त्यानं मला हातात घेतलं.

"शेवटी शेवटी ती सारखी विचारायची, खात्यातून तीस डॉलर गेले का गं? मी नाही म्हणायचे. मग म्हणायची, त्याचा राग गेला नाही, माझी फुलंसुद्धा नकोत त्याला."

"अगं, वाहिली मी! पिवळी शेवंती. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर दगड ठेवला."

"मग चेक का नाही भरला?"

त्यानं बँकेचं सगळं सांगितलं.

"वीस युरोंसाठी, मामा?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला असता तर बरं झालं असतं.

सकाळी बँक उघडायच्या आधीच तो दारात उभा होता. त्यानं मला काचेखालून आत सरकवलं.

"वीस काप, चाळीस काप. पण हा पाठव, ग्रॉन्या. तिच्या खात्यातून तीस डॉलर जाऊ देत."

सगळं ऐकून तिचे डोळे भरले. "काका, त्या वारल्या ना. आता परतच येईल हा."

"येऊ दे. तिच्या गावी जाऊन तरी येईल."

माझ्या पाठीवर सही करून त्यानं मला पाठवलं. मी शिकागोला गेलो, पण त्या घराकडं मला कुणी नेलं नाही. 'खातेदार मृत' असा शिक्का पाठीवर घेऊन मी मेयोला परत आलो. वटणावळ मात्र बँकेनं चोख कापून घेतली.

माणसांनो, कुणी काही धाडलं, तर ते कामी येवो न येवो, 'पोचलं' एवढं तरी त्याच दिवशी कळवा. बाकीचं मागाहून बघता येतं.

आता मी टेबलावरच असतो. जेवण झालं की मॅलकी माझ्यावरच्या बहिणीच्या सहीवरून अंगठा फिरवतो. 'डीलिया'मधलं शेवटचं अक्षर पुसून गेलंय. बाकीचीही निघालीच आहेत.