झाकणावरचे निखारे

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, आणि लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. जळकोटकडच्या खेड्यातला साहेबराव कांबळे या नव्या जिल्ह्यामुळंच कारकून म्हणून लातुरात आला होता. पाण्याचा टँकर ठरलेल्या गावातच रिकामा होतो की नाही, हे बघायचं काम त्याच्याकडं होतं. गौरम्मा नावाच्या लिंगायत विधवेच्या घरातल्या मागच्या दोन खोल्यांत तो, बायको पंचशीला आणि पाच वर्षांची सिंधु राहायचे.

धम्मचक्र दिनाला दोन दिवस उरले होते. रविवारची दुपार होती. ऑक्टोबरचं ऊन दारातून आत येऊन फरशीवर पसरलं होतं आणि मायलेकी नानकटाई करायला बसल्या होत्या. पंचशीलानं डालडा आणि पिठीसाखर तळहातानं फेसली, मैदा घातला, वेलची कुटली. शेगडीवर जाड पातेल्यात वाळू तापत होती. त्यात ताटली ठेवायची, झाकण लावायचं आणि झाकणावर निखारे पसरायचे, म्हणजे दोन्हीकडून आच लागते. सिंधु प्रत्येक गोळ्यावर एकेक चारोळी दाबत होती, मधूनच एक तोंडात टाकत होती.

"आई, झाकण काढून बघू का?"

"आत्ताच तर ठेवलं की. जरा दम धर, बाई."

साहेबराव खाटेवर पडून हसला. "वास तर लई भारी सुटलाय."

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. टँकरचा ठेकेदार मल्लिकार्जुन आत आला. तो गौरम्माच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. त्याच्या मागं ड्रायव्हर होता, हातात नळ आवळायचा लांब पान्हा घेऊन. आठवड्यापूर्वी मल्लिकार्जुनाचा टँकर गावाऐवजी एका हॉटेलच्या बांधकामावर रिकामा होताना साहेबरावानं पकडला होता आणि तसा अहवाल दिला होता. त्याचा ठेका थांबला होता.

"खोटं लिहिलं म्हणून लिहून दे," मल्लिकार्जुन म्हणाला.

"खोटं न्हाई ते. डोळ्यानं बघितलंय मी."

"आमच्याच घरात राहतो, आणि आमच्याच मुळावर उठतो? तुम्हा लोकांना खुर्ची मिळाली की—"

पुढची शिवी जातीवरची होती. साहेबराव उठायला गेला आणि ड्रायव्हरनं पान्हा त्याच्या गुडघ्यावर मारला. हाड मोडल्याचा आवाज खोलीभर ऐकू आला. साहेबराव खाली पडला तसा दुसरा घाव खांद्यावर बसला, तिसरा कपाळावर. रक्त डोळ्यांत उतरलं. पंचशीला मध्ये पडली, तर ड्रायव्हरनं तिला भिंतीवर ढकलून दिलं.

मल्लिकार्जुनानं सिंधुचं मनगट धरलं आणि तिला ओढत शेगडीपाशी आणलं. पातेल्याखाली जाळ लाल होता.

"लिहितो का? का पोरीचा हात घालू?"

"लिहितो! सोड तिला!" साहेबराव पडल्यापडल्या ओरडला.

पण तोवर त्यानं सिंधुची बोटं आचेवर धरली होती. पोरगी किंचाळली.

पंचशीलानं पदर हाताला गुंडाळला, निखाऱ्यांसकट झाकण उचललं आणि मल्लिकार्जुनाच्या तोंडावर फेकलं. तो गुरासारखा ओरडत मागं पडला. सिंधुचा हात सुटला. ड्रायव्हर पान्हा टाकून पळाला. पंचशीलानं तो पान्हा उचलला. मल्लिकार्जुन तोंड झाकून पडला होता, आता तो काही करणार नव्हता. तरी तिनं मारलं. बरगडीवर, दंडावर, पुन्हा बरगडीवर. तिला काही ऐकू येत नव्हतं.

"साकु! साकु!" मागून गौरम्मानं तिला कवेत धरलं. घाबरली की तिच्या तोंडी कानडीच यायची. "पुरे गं बाई! मरंल त्यो!"

पंचशीलाच्या हातातून पान्हा गळाला. खोली जळक्या केसांच्या वासानं भरली होती.

दवाखान्यात फौजदार आला. मल्लिकार्जुनाचा एक डोळा गेला होता. "मी मावशीला भेटायला गेलो होतो, ह्या बाईनं उगीच हल्ला केला," असा जबाब त्यानं दिला होता. फौजदारानं गौरम्माला विचारलं, "तुमच्या भाच्याचं खरं का?"

गौरम्मा म्हणाली, "ओरडा ऐकून खिडकीपाशी गेले मी. ह्यानं लेकराचा हात आगीवर धरला होता. लेकरू वरडत हुतं. मंग हिनं निखारे फेकले. त्यो पडल्यावर पण हिनं मारलं, ते बी बघितलं मी. दोन्ही लिहा."

सिंधुची दोन बोटं कायमची वाकडी राहिली. अकरा दिवस ती बोलली नाही. आई जवळ आली की भिंतीकडं सरकायची. पंचशीला रात्री साहेबरावाला म्हणाली, "ती त्याला न्हाई, मला भिऊन राहिली." बाराव्या दिवशी भर दुपारी सिंधु एकाएकी म्हणाली, "आई, दार लाव." पंचशीलानं दार लावलं, कडी घातली आणि तिथंच बसून रडली. थोड्या वेळानं सिंधु तिच्या पाठीला टेकून बसली.

खटला अडीच वर्षं चालला. मल्लिकार्जुन आणि ड्रायव्हर दोघांना सजा झाली. पंचशीलावरचा आरोप टिकला नाही. साहेबराव तेव्हा काठी घेऊन चालत होता.

निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर गौरम्माची बहीण रत्नम्मा उभी होती. ती गौरम्मासमोर आली, तिच्या पायाशी थुंकली आणि म्हणाली, "आजपासून तू मला मेलीस."

गौरम्मानं मान खाली घातली. पंचशीला तिचा हात धरायला पुढं झाली, पण तिनं तो धरू दिला नाही.

"नको," गौरम्मा म्हणाली. "माझी बहीण हाय ती. जरा बघू दे तिला जाताना."

रत्नम्मा रस्ता ओलांडून दिसेनाशी होईस्तोवर ती तिथंच उभी राहिली. पंचशीलाही उभी राहिली, हातभर अंतर सोडून.