वरची माती

सातव्या डब्यातल्या टोमॅटोचा शेंडा कालच्यापेक्षा अडीच सेंटिमीटर वर आला होता. मंजुषाने स्टीलची पट्टी लावून पुन्हा एकदा पाहिलं. अडीचच. तेलाच्या पाच लिटरच्या कॅनला बुडाशी भोक पाडून त्यातून खाली सोडलेलं ते रोप आधी चार बोटं मुकाट लोंबलं होतं. मग त्यानं गळाच्या आकड्यासारखं वळण घेतलं आणि आता त्याचं तोंड आभाळाकडे होतं. कसंही टांगा, शेंड्याला वर कुठे ते कळतंच. कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती वीस वर्षं कुंड्या आडव्या पाडून मुलांसमोर हेच मांडत आली होती. तरी दर वेळी शेंडा वळला की तिला जरा बरं वाटायचं.

तिने डबा आकड्यावरून काढून ताणकाट्याला लावला. खांडेनवमी असल्यामुळे तिच्या वडिलांनी, अप्पांनी, पहाटेच काट्यावर विभूतीची तीन बोटं ओढून ठेवली होती. आकडे त्यातूनही दिसत होते.

"आज किती भरलं?" फाटकाजवळच्या बाजेवरून अप्पांनी विचारलं.

"पाच किलो सहाशे. पाणी घातलंय मघाशी."

"वली झाली की माती वजन धरतीय," अप्पा म्हणाले.

हे ते रोज विचारत आणि रोज म्हणत. ती रोज वहीत लिहीत असे. कोरडा डबा चार किलो दोनशे, ओला पाच किलो सहाशे. पण जून महिन्यापासून, म्हणजे ही लोखंडी चौकट अंगणात उभी राहिल्यापासून, अप्पा एकदाही तिच्याखाली आले नव्हते. नळावर जायचं असलं तरी भिंतीच्या कडेनं वळसा घालून जात. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, चार पावलं वाचवायची सोडून बारा पावलं जास्त चालायचा. मंजुषानं ती पावलंही मोजली होती.

टोमॅटो असे उलटे टांगायची तिला हौस नव्हती. अंगण वरच्या मुलींच्या स्कूट्यांसाठी सिमेंटखाली गेलं होतं. मुली नांदेडकडच्या, लोह्याच्या, कंधारच्या. डॉक्टर व्हायला लातूरला आलेल्या आणि पहिल्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या. गच्ची रिकामी होती, पण गच्चीवर एक कुंडी चढवायलाही मंजुषा तयार नव्हती. उरली ती मधली हवा. तिथे तिने जमिनीतून लोखंडी अँगल उभे केले, घराच्या भिंतीला वा स्लॅबला खिळासुद्धा न मारता, आणि बारा डबे टांगले. सकाळी चहाचा कप घेऊन ती मुद्दाम त्यांच्याखाली बसायची. डोक्यावर माती. किती, ते वहीत लिहिलेलं.

फाटक वाजलं. रविकिरण आला होता, तिचा धाकटा भाऊ, आणि त्याच्यामागून कंत्राटदार शिवप्पा, काखेत मोजपट्टी आणि कागदांची गुंडाळी घेऊन. रवीनं बाजेकडे न बघता अंगण ओलांडलं. अप्पांशी तो थेट बोलत नसे. बोलायचंच झालं तर अक्काला सांगून बोलायचा, अप्पा तिथंच बसलेले असले तरी.

"अक्का, शिवप्पाला आणलंय," तो म्हणाला. "उद्या दसरा. साडेतीन मुहूर्तातला एक. उद्या नारळ फोडायचा."

शिवप्पा डब्यांकडे मान वर करून बघत राहिला. "ताई, हाच का तो लातूर पॅटर्न? झाडाला बी उलटं टांगूनच फळ आणायलाव आपण."

वरच्या गॅलरीतून एक मुलगी हसली. पुस्तकातून डोकं काढून म्हणाली, "काका, ते गुरुत्वानुवर्तन आहे. हमखास विचारतात."

"तू अभ्यास कर माय. मला कोण विचारतंय," शिवप्पा म्हणाला आणि कोपऱ्यातल्या कॉलमवर बोटांनी ठक् ठक् वाजवू लागला, जसं बाजारात कलिंगड वाजवून बघावं. "दांडगा हाय. दोन मजले बिनघोर चढतेत."

या घराचा नकाशा मंजुषाच्या कपाटात होता. भूकंपानंतर तीन वर्षांनी अप्पांनी हे घर दोघा लेकरांच्या नावावर बांधलं, तेव्हा इंजिनिअरनं नकाशाच्या कोपऱ्यात शाईनं लिहून ठेवलं होतं: तळमजला अधिक एक. त्यापुढे काही नव्हतं. रवीला वर आणखी दोन मजले हवे होते, खोल्या खोल्या पाडून, आणि त्याच्यावर पाण्याच्या टाक्या. कागदावर दोघांच्या सह्या लागत होत्या. त्याची झाली होती. पाडव्यापासून ती टाळत होती. आधी कॉलेजची प्रॅक्टिकल्स होती, मग आषाढ, मग पितृपंधरवडा. नाही असं तिने म्हटलं नव्हतं. ते म्हटलं की रवी विचारणार, का. आणि त्या प्रश्नाचं उत्तर कॉलमपाशी थांबणारं नव्हतं.

"सहा महिने झाले सांगायलाव तुला," रवी म्हणाला. "गल्लीत समदी घरं चार-चार मजली झाली. आपलंच बसकं ऱ्हायलंय. पोरी खोल्या मागत फिरायल्यात. जागा न्हाई म्हणून त्या बिचाऱ्या पत्र्याखाली ऱ्हायल्यात. कर की सही. तुझ्या ह्या डब्यांना वर लई जागा होईल बघ."

"बघते," ती म्हणाली, आणि काहीतरी करायला हवं म्हणून सातवा जागेवर टांगून आठवा डबा काट्याला लावला.

उद्या तीस सप्टेंबर. यंदा दसरा नेमका त्याच तारखेला आला होता, हे रवीच्या ध्यानात नव्हतं की होतं, कुणास ठाऊक. चोवीस वर्षांपूर्वी त्या पहाटे किल्लारीकडच्या त्यांच्या गावातल्या घराचं मातीचं माळवद खाली आलं. आत त्यांची आई, अव्वा, होती आणि आठ वर्षांची धाकटी बहीण सिंधु. अप्पा शेतातल्या आखाड्यावर राखणीला होते. रवी तेरा वर्षांचा, गणपती बुडवून आल्यावर पोरांबरोबर मांडवातच झोपलेला. मंजुषा आदल्या संध्याकाळच्या एसटीनं लातूरला परतली होती. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल होतं. रवीनं दुपारपर्यंत हातानं माती उपसली. त्याची नखं परत नीट आलीच नाहीत.

मग पत्रकार आले, साहेब आले, कॉलेजांतली पोरं अर्ज घेऊन आली. घर कसं पडलं, असं विचारलं की अप्पा एकच सांगायचे. "मीच उन्हाळ्यात माळवदावर माती चढवली. एक थर जास्त झाला." रवी शेजारी उभा राहून ऐकायचा. ऐकून ऐकून त्याच्या मनात ते पक्कं झालं, आणि सोळाव्या वर्षापासून त्यानं अप्पांना हाक मारणं सोडलं.

मंजुषा तेव्हाही शेजारीच उभी असायची.

त्या मे महिन्यात माती अप्पांनी चढवली होती हे खरं. पण ते नको म्हणत होते. मागल्या सालची बख्खळ हाय, म्हणाले होते. वळवाचं पाणी कोपऱ्यातून ठिबकलं होतं आणि खाली मंजुषाचे वनस्पतींचे कागद होते, दाबून, वाळवून, नावं लिहून चिकटवलेले. परीक्षेला दाखवायचे. एकशे दहा नमुन्यांतले एकोणीस भिजले. ती दोन दिवस जेवली नाही. "माझ्या शिक्षणाचं तुम्हाला काही नाही," असं ती बापाला म्हणाली, आणि अव्वानंही तिचीच बाजू घेतली. तिसऱ्या दिवशी अप्पांनी माती आणायला गाढवं सांगितली. बावन्न टोपल्या पांढरी माती. मोजणारी तीच होती. खाली उभी राहून मोजत होती आणि खूश होती.

पुढे नोकरी लागल्यावर तिने गावाकडून पिशवीभर पांढरी आणून प्रयोगशाळेत तोलली. टोपलीला चौदा किलो धरले तर सातशे अठ्ठावीस. ओली झाल्यावर हजाराच्या घरात. माळवदावर आधीपासून आजोबा-पणजोबांनी चढवलेली जी माती होती, तिच्यापुढे हा पंचविसावा हिस्सासुद्धा नव्हता. घर तसंही पडलंच असतं. हे गणित तिने पुष्कळदा केलं होतं आणि दर वेळी बरोबर आलं होतं. त्याचा उपयोग झाला नव्हता. स्थळं आली तेव्हा अप्पांना कोण बघणार म्हणून ती नाही म्हणाली. लोकांनी तिला गुणाची लेक म्हटलं. तेही तिने ऐकून घेतलं.

"अक्का, बघते बघते काय?" रवीचा आवाज चढला. "पेन देऊ का?"

बाजेवरून अप्पा खाकरले. "शिवप्पा," ते कंत्राटदाराला म्हणाले, "ह्या घराचा पाया वरच्या येकाच मजल्याच्या हिशेबानं हाय रे. इंजिनेर सांगून गेलाय."

"अप्पा, आजकाल सिमिट चांगलं येतंय," शिवप्पा म्हणाला.

"सिमिट चांगलं असंल. पाया तोच हाय न्हवं?"

रवी वळला. कित्येक वर्षांनी तो थेट बाजेकडे तोंड करून बोलला. "माळवदावर माती चढवणाऱ्यानं दुसऱ्याला वजन शिकवू नये."

वरच्या गॅलरीतलं पुस्तक मिटलं. मुलगी आत गेली. शिवप्पानं मोजपट्टी उघडली आणि पुन्हा मिटली. अप्पांनी मान खाली घातली. चोवीस वर्षं घालत आले होते तशीच, सवयीनं, जणू समोर ताट वाढलंय. मग त्यांनी डोळे वर करून मंजुषाकडे पाहिलं आणि अगदी थोडी मान हलवली. नको.

आठवा डबा अजून तिच्या हातात, काट्याला लटकलेला होता. उलट्या झाडाचा डबा खाली टेकवता येत नाही, झाड मोडतं. आकडा तिच्या पाठीमागे होता, पण वळणं तिला सुचलं नाही.

"रवी," ती म्हणाली, "अप्पा माती चढवायला तयार नव्हते."

"काय?"

"त्या उन्हाळ्यात. तू मामाकडे उदगीरला होतास. कोपरा गळत होता, माझे कागद भिजले. अप्पा म्हणत होते मागच्या सालची पुरे. मी ऐकलं नाही. जेवले नाही दोन दिवस. त्यांच्याकडून चढवून घेतली मी. बावन्न टोपल्या."

"मंजे, गप," अप्पा म्हणाले.

"मोजल्या होत्या मी," ती म्हणाली.

रवी तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग यायला पाहिजे होता. तिला तो चालला असता. पण तो तेरा वर्षांचा दिसत होता.

"आन् हे आज सांगायलीस?"

"हो."

"मी ह्येंना..." त्याचा हात बाजेकडे झाला आणि तसाच खाली आला. "इतकी वरीस मी काय काय बोललो ह्येंना. तू हितंच व्हतीस की."

"होते."

शिवप्पानं कागदांची गुंडाळी हळूच स्कूटीच्या सीटवर ठेवली. "मी च्या सांगून येतो," असं म्हणून तो फाटकाबाहेर गेला, आणि चहाच्या टपरीच्या उलट्या दिशेनं गेला.

मंजुषाच्या दंडाला रग लागली होती. काट्याचा काटा थरथरत पाच चारशे, पाच सहाशे करत होता.

"लेकरू व्हतं ती," अप्पा म्हणाले. ते रवीशी बोलत होते, पण बघत होते स्वतःच्या तळव्यांकडे. "लेकरू हट्ट करतंय. तिनं सांगितलं हे खरं. पर चढवली मीच. मला म्हायती व्हतं वजन किती झालंय ते. तुळईनं करकर केली व्हती येकदा. मला न्हाई म्हणता येत व्हतं. म्हणलो न्हाई. लेक जेवत नव्हती. तेवढं येकच चुकलं माझं."

रवी पायरीवर बसला. आपल्या बोटांची नखं अंगठ्यानं चाचपू लागला.

अप्पा बाजेवरून उठले. गुडघ्यावर हात टेकून आधी वाकले, मग सरळ झाले. भिंतीकडे न वळता ते नीट चालत आले, अंगणाच्या मधून, पहिल्या डब्याखालून, दुसऱ्या डब्याखालून. पिकलेला एक टोमॅटो त्यांच्या टोपीला लागून हलला. मंजुषासमोर येऊन त्यांनी दोन्ही तळवे डब्याच्या दोन बाजूंना लावले, रोपाला धक्का न लावता, आणि वजन आपल्याकडे घेतलं. ताणकाटा शून्यावर आला. त्यांनी तो सोडवला, हात उंच केले आणि आठवा डबा आकड्यावर टांगला. मग हात मागे न घेता क्षणभर डब्याच्या बाजूला तसेच धरून ठेवले, हलायचा थांबेपर्यंत.

मंजुषाचा हात मोकळा झाला होता. तिने स्कूटीवरची गुंडाळी उचलली, रबर न काढता ती रवीच्या शेजारी पायरीवर ठेवली आणि त्याच्या शेजारी बसली.

"मजला चढणार नाही, रवी," ती म्हणाली. "मी नाही म्हणते आहे."