बादलीत दाणे नव्हते, चिमटे होते

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची बादली आहे. माझ्या बुडाला पोचा आहे, कडी तारेने बांधलेली आहे आणि आवाज असा, की बहिऱ्यालाही जाग यावी. मी जन्माने परदेशातली. मग मराठी कुठे शिकले? कपड्यांच्या दोरीखाली! इथे राहायला आलेली एक मराठी ताई कपडे वाळत घालताना एकटीच बोलते आणि ऐकायला मी एकटीच असते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी लखलखत होते. एका शेतकरी आजीने मला मेंढ्यांच्या खुराकासाठी घेतलं. सकाळी तिने मला हलवलं, की दाणे खुळखुळत आणि अख्खा कळप धावत येई. त्या दिवसांत माझा रुबाब काय वर्णावा! पुढे कळ दाबली की दाणे पाडणारं यंत्र आलं. गरज सरो, वैद्य मरो! मी कोपऱ्यात गंजत पडले.

मग आजीच्या मागच्या दोन खोल्यांत एक मराठी जोडपं राहायला आलं. नवरा ऑफिसात जाई, ताई घरी असे. तिने मला घासूनपुसून कपड्यांचे चिमटे ठेवायला घेतलं. तिला तिथली भाषा येत नव्हती. लोक हसून मान हलवत आणि पुढे जात. "इथे आपल्याला कोणी काही कामसुद्धा सांगत नाही रे," ती नवऱ्याला म्हणायची. तेव्हा तिचा आवाज बारीक होई.

एका सुट्टीच्या दिवशी आजीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. तिने खुणेने मेंढ्या दाखवल्या, फाटक दाखवलं आणि ताईच्या खांद्यावर हात ठेवला. संध्याकाळपर्यंत कळप ताईच्या हवाली! ताईला आभाळ ठेंगणं झालं.

दुपारी नवरा मेंढ्यांना पाणी देऊन आला.

"फाटक लोटलंस ना?" दोरीवर चादर टाकत ताईने विचारलं.

"हो, लोटलं."

आणि त्याने खरोखरच लोटलं होतं. कडी घातली नव्हती. आपल्याकडे दार लोटलं की भागतं. मेंढ्यांसमोर भागत नाही. थोड्याच वेळात सगळा कळप मोठ्या रस्त्याच्या दिशेने निघाला. तिकडे ट्रक धडाधड जात होते.

"अगं बाई! कडी नाही घातलीस?"

"तू लोटलंस का, एवढंच विचारलंस!"

भांडण पळता पळताच चाललं होतं. नवरा हात पसरून "हुर्र! हुर्र!" ओरडला, तशा मेंढ्या आणखी पुढे पळाल्या. मग तो काकुळतीला येऊन म्हणाला, "या ना हो इकडे, प्लीज!" पण मेंढ्यांना मराठी कुठून येणार?

ताई मागून जिवाच्या आकांताने धावत होती. मी तिच्या हातात तशीच राहिले होते. माझ्या पोटातले चिमटे खडखडले आणि पुढची म्हातारी मेंढी थबकली. तिने मान वळवली. तिने मला ओळखलं, मित्रांनो! इतक्या दिवसांनी ओळखलं!

"अरे, थांब! पळू नकोस," ताई ओरडली. "ह्या बादलीचं ऐकतायत त्या!"

ती मागे वळली आणि मला हलवत सावकाश चालू लागली. पुढे मी, मागे अख्खा कळप, सगळ्यांत शेवटी धापा टाकणारा नवरा. मी आयुष्यात इतकी कधी वाजले नव्हते. मेंढ्या आत आल्यावर नवऱ्याने कडी घातली आणि ती दोनदा ओढून पाहिली.

मेंढ्यांनी माझ्यात तोंडं घातली. आत चिमटे! एक मेंढा तर चिमटाच चघळू लागला. माझी मान शरमेने खाली गेली असती, पण मला मान नाही. तेवढ्यात ताई म्हणाली, "जेवायला बोलावलं आणि पान रिकामं? छे छे!" तिने चिमटे ओतून टाकले आणि पोत्यातले दाणे माझ्यात काठोकाठ भरले.

संध्याकाळी आजी परतली. एका मेंढीच्या लोकरीत निळा चिमटा अडकलेला तिला दिसला. नवऱ्याने मोडक्यातोडक्या भाषेत सगळं सांगून टाकलं. ताई खाली मान घालून उभी होती. आजीने फाटकाच्या कडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यावरची पट्टी सरकेपर्यंत हसली. मग मला उचलून तिने ताईच्या हातात दिलं आणि हळूहळू दोनच शब्द बोलली.

"ती म्हणतेय, उद्यापासून..." नवरा सांगू लागला.

"कळलं मला," ताई म्हणाली.

आता मेंढ्यांना खुराक ताईच घालते; सकाळी माझ्यात दाणे असतात, दुपारी चिमटे. मित्रांनो, जुनं भांडं टाकण्याआधी एकदा वाजवून बघा; त्याचा आवाज ओळखणारं कोणीतरी असेल. फाटक नुसतं लोटू नका. आणि कोणाला हाक मारून बोलावलंत, तर त्याला रिकाम्या बादलीशी उभं करू नका.