न विचारता दाखवलेलं

धाकटीला लोकांनी एवढं डोक्यावर घेतलं होतं की खाली उतरायचं ती विसरूनच गेली होती. अध्यापक महाविद्यालयात ती ग्रंथपाल. मूळ काम पुस्तकं द्यायची आणि परत घ्यायची. पण शाळांमध्ये संगणक आले, शिक्षक नेटवरून हाताला लागेल ते उचलून वर्गात दाखवू लागले, आणि एका शाळेला कुणा छायाचित्रकाराची नोटीस आली. मग जो तो म्हणू लागला, हे कॉपीराइटचं कुणीतरी नीट समजावून सांगा. समजावणारी सापडली ती हीच. बोलायला फर्डी, आणि हसवायची हातोटी तर उपजत. हसवलं नाही तर जेवणानंतरच्या सत्रात निम्मे शिक्षक डुलक्या काढतात, हे तिला पहिल्याच शिबिरात कळलं होतं.

यंदा शिबिर दोन दिवसांचं होतं आणि तिला एक वाईट नमुना हवा होता, म्हणजे करू नये ते सगळं केलेलं एखादं प्रेझेंटेशन. मुद्दाम बनवायचं तर अख्खी संध्याकाळ जाणार. तिनं फोन चाळला आणि नमुना घरातच मिळाला. थोरलीनं पाठवलेला.

थोरली म्हणजे तिची मोठी जाऊ. त्याच घरात वरच्या मजल्यावर राहायची आणि प्राथमिक शाळेत चौथीला शिकवायची. 'त्या डबड्याला मी हात लावणार नाही' म्हणणारी ही बाई गेल्या वर्षी हट्टाला पेटली आणि संगणक शिकली. बी कसं रुजतं, या धड्यावर तिनं आयुष्यातलं पहिलं प्रेझेंटेशन बनवलं आणि धाकटीला पाठवून विचारलं, "चित्रं नेटवरची आहेत गं. अशी घेतलेली चालतात ना? तू बघून सांग, मगच वर्गात दाखवीन." धाकटी तेव्हा कुठल्याशा बैठकीत होती. फाइल उघडायचेही कष्ट न घेता तिनं कळवून टाकलं, "मस्त झालंय वहिनी, बिनधास्त दाखवा." वर तीन फुलंही ठेवली. फुलांना काही पैसे पडत नाहीत.

ती फाइल आता कुठे उघडली गेली. प्रत्येक चित्रावर विकणाऱ्या कंपनीचा आडवा शिक्का. स्लाइड बदलली की कुठल्यातरी चित्रपटातल्या गाण्याची धून. एका पुस्तकाची दोन पानं फोनवर फोटो काढून जशीच्या तशी चिकटवलेली, आणि पानाच्या कडेला ते दाबून धरणारा अंगठा. धाकटी एकटीच बसून हसली. मग तिनं पहिल्या स्लाइडवरचं थोरलीचं आणि शाळेचं नाव पुसलं. नाव नसलं की कुणाची अब्रू जायला नको, असा तिचा साळसूद विचार. दुसऱ्याच्या कामावरचं नाव पुसू नये, हा तिच्या व्याख्यानातला पहिला मुद्दा होता, पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. वर जाऊन एकदा विचारावं, असं तिच्या मनात आलं नाही असंही नाही. पण थोरलीचा नंबर पुढच्या महिन्याच्या तुकडीत होता. तिला कळायचं काही कारणच नव्हतं.

पहिल्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. नमुना पडद्यावर आला तशी खसखस पिकली. धुनेवर कुणीतरी ताल धरला. अंगठ्यावर आल्यावर धाकटीला अगदी चेव चढला.

"पान पळवताना चोर आपला अंगठा मागे ठेवून गेलाय," ती म्हणाली. "पोलिसांना एवढी मदत कोण करतं हो?"

"मग ओळखपरेड घ्या मॅडम," मागून खेळाचे मास्तर ओरडले.

"घेऊ की. करा सगळ्यांनी अंगठे वर."

शिक्षकांना पोरांसारखं वागायची संधी मिळाली की ते सोडत नाहीत. हसत हसत सगळ्या सभागृहानं अंगठे वर केले. धाकटी खोटं खोटं निरखत एकेका रांगेवरून नजर फिरवत गेली आणि खांबाजवळ येऊन तिची नजर अडली. तिथं एक बाई हात मांडीवर घेऊन बसली होती. अंगठा मुठीत होता. ती थोरली होती.

पुढचं वाक्य धाकटीला आठवेना. तिनं घाईघाईनं स्लाइड बदलली, ती धून पुन्हा वाजली आणि लोक पुन्हा हसले.

जेवणाच्या सुट्टीत थोरलीच्या मुख्याध्यापिका स्वतःहून भेटायला आल्या. त्यांना बापड्यांना काय माहीत. "तुमच्या जाऊबाईंनी मुद्दाम दुसऱ्या बाईंशी तुकडी बदलून घेतली," त्या म्हणाल्या. "बसमध्ये सगळ्यांना सांगत होत्या, आज शिकवणार आहे ती माझी धाकटी जाऊ, मला संगणक तिनंच शिकवलाय."

थोरली शेजारीच उभी होती. "छान बोललीस," एवढंच ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

एकदा रागावून बोलली असती तर बरं झालं असतं, असं धाकटीला वाटलं. संध्याकाळी घरी आल्यावर तिनं चहा तसाच निवू दिला. नवऱ्यानं विचारलं, काय झालं. तिनं डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. त्याला खरं सांगायचं तर आधी स्वतःच्या तोंडानं ते उच्चारावं लागलं असतं. शेवटी ती जिना चढून वर गेली. हाच जिना चढायचा कंटाळा तिनं आठवड्याभरापूर्वी केला होता.

थोरली ओट्याशी मटार सोलत होती. धाकटीनं न विचारता ताटलीतल्या शेंगा पुढे ओढल्या, मग हात मागे घेतला.

"वहिनी, मला माहीत नव्हतं तुम्ही येणार आहात."

"म्हणजे आले नसते तर चाललं असतं?"

धाकटीनं मान खाली घातली.

"मी तुला विचारलं होतं गं," थोरली म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मला कळत नाही म्हणूनच विचारलं होतं. तू मस्त म्हणालीस म्हणून मी मुलांना दाखवलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. चौथीच्या मुलांनी. मी घरी येऊन यांना सांगितलं, माझ्या वर्गात आज टाळ्या पडल्या."

"मी उघडलंच नव्हतं वहिनी. न बघता कळवलं." हे सांगताना धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोटं बोललेलं परवडलं असतं, इतकं ते खरं हलकट होतं.

थोरलीनं हातातली शेंग खाली ठेवली. हे तिला नवं असावं. "बरं," ती म्हणाली. "मी ते काढून टाकलंय. फळा आहे माझा."

"नका ना काढू. आपण दोघी बसून नीट करू. परवानगीची चित्रं मी शोधून देते. आणि उद्या मी सगळ्यांसमोर उभी राहून सांगते. चूक माझी आहे, त्या बाईनं मला आधी विचारलं होतं, मीच..."

"काही सांगायचं नाही."

"पण तुमच्यावरचा डाग..."

"माझ्यावर कुठे आहे? कुणालाच माहीत नाही ते माझं आहे म्हणून. तू सांगितलंस की कळेल." थोरलीनं सालं गोळा करून डब्यात टाकली. "तुला रडून मोकळं व्हायचंय. तू सांगशील, लोक म्हणतील वा, केवढं मोठं मन. तुझं हलकं होईल. माझं काय होईल? शाळेत जन्मभर अंगठेवाली बाई."

"नाव नाही घेणार."

"नाव नव्हतंच की आजही."

निघताना धाकटीनं दारातून विचारलं, "उद्या याल?"

"यायला तर हवं. नाही आले तर हात वर न करणारी कोण होती, ते कुणाच्या तरी लक्षात येईल."

दुसऱ्या दिवशी थोरली आली, इस्त्रीची साडी नेसून, आणि खांबाजवळ न बसता मुद्दाम आपल्या शाळेच्या घोळक्यात मधोमध बसली. धाकटीनं रात्रीतून तो नमुना फाइलमधून उडवला होता. त्या जागी मुक्त परवान्याची चित्रं कुठे मिळतात, त्याची रुक्ष माहिती घातली होती. कुणाकडेही न बघता धाकटी ती वाचू लागली. सभागृहात जांभया सुरू झाल्या.

खेळाच्या मास्तरांना ते सहन होईना. "मॅडम, कालचं ते अंगठ्याचं दाखवा ना परत. आज आमच्यात दोघी नव्या आल्यात, त्यांनी पाहिलं नाही."

"दाखवा, दाखवा," आणखी चारपाच आवाज आले. थोरलीच्या शेजारची बाई तिला कोपरानं ढोसून म्हणाली, "तुम्ही सांगा की तुमच्या जावेला." थोरलीनं मान हलवली. ती हो होती की नाही, ते कुणालाच कळलं नाही.

"ते आता दाखवता येणार नाही," धाकटी म्हणाली. "ज्यांचं ते काम आहे, त्यांची मला परवानगी नाही. कालही नव्हती. मी विचारलंच नव्हतं."

एवढं तिला बोलता येत होतं. याच्या पुढचं वाक्य तिच्या जिभेवर येऊन बसलं होतं. ते बोललं असतं तर छातीवरचा धोंडा त्याच क्षणी उतरला असता, आणि कदाचित कुणी टाळ्याही वाजवल्या असत्या. तिनं ते गिळलं.

"अहो, चोराची कसली आलीय परवानगी?" मास्तर म्हणाले.

सभागृह फुटलं. कालच्याहून मोठं हसू. मास्तरांनी बाकावर थाप मारली, मुख्याध्यापिकांनी चष्मा काढून डोळे पुसले. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध थोरलीही हसत होती. शेजारणीच्या खांद्यावर हात ठेवून, सगळ्यांना दिसेल असं, कुणाला संशय येऊ नये इतपत. बाकीच्यांचं हसू ओसरलं तरी तिला लगेच थांबता आलं नाही.