फानीचा ठोकळा

मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. गाडी चढावर थांबली की मागच्या चाकामागे लावतात, तोच. मित्रांनो, एक आधीच सांगून ठेवतो, मला दुखतखुपत काही नाही. सांगताना माझा आवाज कोरडा वाटला तर रागावू नका.

क्रान्य गावात लोइझेच्या अंगणात गवत वाळवायचा मांडव होता. त्याचा खांब कुजला, तेव्हा त्याच्या चांगल्या उरलेल्या तुकड्यातून लोइझेने मला कापलं. एक बाजू तिरकी केली, कडा घासल्या आणि मला बायकोच्या, म्हणजे फानीच्या हातात दिलं. "हे घे. हँडब्रेक ढिला झालाय. दुरुस्त करेपर्यंत चालेल."

ते "दुरुस्त करेपर्यंत" एकतीस वर्षं चाललं.

फानीचं माहेर डोंगरापलीकडे, त्रेंतात. दर ऑगस्टमध्ये दोघं तिकडे निघत. यास्ना तळ्याकाठी उकडलेली अंडी आणि पोतित्सा, म्हणजे अक्रोडाचं सारण भरलेली गोड रोटी, खाऊन व्हर्शिचचा घाट चढायला लागायचं. वर जायला चोवीस वळणं, प्रत्येकाला नंबर, आणि वळणावर दगडी फरशी. गाडी चिमुकली, इंजिन मागे. वरच्या वळणांवर दोघांचं वजन घेऊन चढायची तिची तयारी नसे. मग फानी खाली उतरायची आणि मला काखेत मारून गाडीमागून चालायची. इंजिन तापलं की लोइझे गाडी थांबवायचा आणि मान न वळवता ओरडायचा, "ठोकळा?"

फानी मला चाकामागे सारायची. "लावला!"

मग तो ब्रेकवरचा पाय काढायचा. सगळा भार माझ्यावर यायचा.

"एक ठोकळा गाडी थांबवतो, दुसरा चालवतो," फानी धापा टाकत म्हणायची. "बघू या, आधी कोण झिजतं!"

"अगं, तू असताना हँडब्रेकची काय गरज?" तो म्हणायचा. याला तो कौतुक समजत असे.

गेल्या फेब्रुवारीत फानी वारली. लोइझे रडला नाही. स्मशानात सगळ्यांशी हात मिळवले, घरी आला, चुलीत लाकडं सारली. पुढे सहा महिने सूप समोर ठेवलं की गार होईपर्यंत तो त्याच्याकडे बघत बसे. मी सीटखाली होतो. मलाही काही वाटलं नाही.

ऑगस्टमध्ये त्याने गाडी पुसायला घेतली. मुलगी नेझा म्हणाली, "बाबा, माझ्या गाडीने जाऊ या ना."

"नको."

"मग मी येते बरोबर. एकटे नाही जायचं."

यास्नाचं तळं हिरवंगार होतं. दोघं काठावर बसली. पोतित्सा नेझाने केली होती. लोइझेने तुकडा हातात धरला आणि तसाच कागदात परत ठेवला. मग घाट सुरू झाला. एकोणिसाव्या वळणावर मागून वाफ यायला लागली. त्याने ब्रेक दाबला, इंजिन बंद केलं.

"ठोकळा?"

नेझा शेजारी बसून पाण्याची बाटली शोधत होती. कोणाला काय विचारलं, तिला कळलंच नाही. मी सीटखालून ऐकत होतो. लोइझेने नेहमीइतकं थांबून पाय काढला.

गाडी मागे सुटली.

"बाबा! ब्रेक! अहो, ब्रेक!"

दगडी कठड्यापासून वीतभर अंतरावर गाडी थांबली. कठड्यापलीकडे दरी. लोइझेने ब्रेक दाबून धरला होता.

"तिने एकदाही उत्तर चुकवलं नाही," तो म्हणाला. "आणि मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही गं."

 नेझाने सीटखालून मला ओढून काढलं, उतरली, चाकामागे घट्ट सारलं.

"लावला!"

पाय निघेना.

"बाबा, लावला म्हणते ना. काढा आता."

लोइझे आधी मान वळवून मागे पाहत राहिला, खूप वेळ. मग पाय काढला. तेवढाच भार होता, एकतीस वर्षं पेललेला. त्या दिवशी मात्र तो मला जाणवला. वर स्टिअरिंगवर डोकं टेकून लोइझे रडत होता.

उरलेली वळणं नेझा मागून चालली. दर वळणावर लोइझे खिडकीतून डोकं काढून विचारायचा, "दमलीस का?" त्रेंतात त्याने पोतित्साचे दोन तुकडे खाल्ले. म्हणाला, "कोरडी झालीय." फानीच्या पोतित्सालाही तो हेच म्हणायचा.

आता हँडब्रेक दुरुस्त झाला आहे. मी सीटखाली पडून असतो. चढावर गाडी थांबली की लोइझे अजून विचारतो, "ठोकळा?" मग स्वतःच हँडब्रेक ओढतो.

मित्रांनो, माझी काळजी करू नका, लाकूड टिकतं. पण घरात कुणी हाक मारली तर लगेच ओ द्या. एकोणिसाव्या वळणावर मी तिथेच होतो, सगळं ऐकत होतो. मला ओ देता आली नाही.